प्रमाणपत्र फाईलला आहे, तरी हात थिजले

पत्र (थोडं आखडून):

आदरणीय ताई,
सातपुड्याच्या पायथ्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) आहे. अकरा वर्षं झाली. आमच्याकडे महिन्याला सहा-सात बाळंतपणं होतात. गेल्या महिन्यात रात्री पावणेतीनला एक पहिलटकरीण बाळंत झाली. बाळ रडलं नाही. डॉक्टर क्वार्टरवर होते, त्यांना निरोप धाडला. माझ्यासोबत फक्त आया. मी बाळाची पाठ चोळत राहिले, तळव्यांना टिचक्या मारत राहिले. अँबू बॅग (मास्क लावून, हाताने दाबून बाळाला श्वास द्यायची) कपाटात होती. मास्क सापडला तो मोठा. डॉक्टर येईपर्यंत किती मिनिटं गेली ते मला आजही सांगता येत नाही. बाळ वाचलं. नऊ दिवस एसएनसीयूत (आजारी नवजातांच्या विशेष कक्षात) होतं, आता घरी आहे. माझं एसबीए (कुशल प्रसूतीचं प्रशिक्षण) झालंय, एनएसएसके (नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रमाचं) झालंय, दोन्ही प्रमाणपत्रं फाईलला आहेत. आता तालुक्याहून फॉर्म आलाय, ‘आपली प्रशिक्षणाची गरज नमूद करा’. बाकीच्यांनी मागच्या वर्षीचंच उतरवलं. मी काय लिहू? ‘मला येत नाही’ असं लिहिलं तर अकरा वर्षं काय केलं म्हणतील. न लिहावं तर ती रात्र डोळ्यांपुढून हलत नाही.
— एक सिस्टर

प्रिय सिस्टर,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. गाव, तालुका लिहिला नाहीत ते बरं केलंत. पण मला ते केंद्र दिसलं. हिरवा पडदा, कोपऱ्यातला बाळाला ऊब देणारा वॉर्मर, भिंतीवर चिकटवलेले तक्ते आणि किल्ली कुणाकडे आहे ते रात्री कुणालाच आठवत नाही असं ते कपाट. माझी पंचवीस वर्षं अशाच खोल्यांत गेली आणि पुढची नऊ नर्सिंगच्या मुलींना शिकवण्यात.

आधी माझी एक रात्र सांगते, मग तुमच्या फॉर्मकडे येऊ. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, म्हणजे १९९८च्या आधीची गोष्ट. एका ग्रामीण रुग्णालयात मी नाईटला होते. बाळ निळं, ढिलं, श्वास नाही. मी मात्र बॅग वेळेत उचलली होती. मास्क लावला आणि दाबत राहिले, जोर लावून दाबत राहिले. छाती हलेना. मास्कच्या कडेतून फुस्स फुस्स हवा जात होती आणि मला वाटत होतं बाळच साथ देत नाही. आमची आया जवळ आली, खांद्यावरचा टॉवेल काढून त्याची दोन बोटं जाड घडी केली आणि बाळाच्या खांद्याखाली सरकवली. म्हणाली, “त्यानी मान सरळ कर व माय.” हनुवटी छातीला टेकली होती, श्वासाची वाट बंद होती आणि मी बंद दारावर धक्के मारत होते. मान सरळ झाली, मास्क पुन्हा बसवला, दुसऱ्या दाबाला छाती उचलली गेली. ते बाळ रडलं. मी लेबर रूमच्या मागे जाऊन त्याच्यापेक्षा जास्त रडले. प्रशिक्षण माझं झालेलं होतं, तिचं नव्हतं. पण तिने शेकडो बाळंतपणं जवळून पाहिली होती आणि ती घाबरली नव्हती.

म्हणून तुम्हाला मनापासून सांगते, तुमचे हात थिजले ते तुम्ही कामचुकार आहात म्हणून नाही. जरा हिशोब मांडू. शंभर बाळं जन्मली तर साधारण पंच्याऐंशी आपलीआपण रडतात. आणखी दहाएक पुसल्यावर, पाठ चोळल्यावर श्वास घेतात. बॅग-मास्क लागतो तो तीन ते पाच बाळांना. तुमच्याकडे वर्षाला ऐंशीच्या आसपास बाळंतपणं. म्हणजे बॅग लागेल अशी वर्षाला तीन-चार बाळं. त्या वेळी ड्यूटी तुमचीच असेल असंही नाही. दोन दिवसांचं एनएसएसके करून आल्यावर वर्ष-दीड वर्ष बॅग हातातच आली नसेल तर हात विसरणारच. पोहायला शिकलेला माणूस पाण्यात पडल्यावर पोहतो, पण हे काम तसं नाही. ही बोटांची सवय आहे आणि ती काही महिन्यांतच गंजायला लागते.

टांझानियातल्या हायडोम इथल्या एका ग्रामीण रुग्णालयात हेच दिसून आलं होतं. एका दिवसाचं प्रशिक्षण झालं, बाहुलीवर सगळ्यांचे हात छान चालायला लागले, पण लेबर रूममध्ये खऱ्या बाळांच्या बाबतीत फारसं काही बदललं नाही. मग त्यांनी सराव लेबर रूममध्येच आणला. थोडा थोडा वेळ, पण पुन्हा पुन्हा. त्यानंतर पहिल्या २४ तासांतले नवजातांचे मृत्यू कमी झाले. लांब कशाला, आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या साध्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. १९९९मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले होते. त्या बायकांना एकदा वर्गात बसवून सोडून दिलेलं नव्हतं. शिकवणं टप्प्याटप्प्याने होत होतं आणि मागे सतत कुणीतरी बघणारं होतं.

आता तुमचा फॉर्म. त्या रकान्यात विषयाचं नाव लिहू नका. ‘नवजात शिशु पुनरुज्जीवन’ असं लिहिलंत की वर बसलेला माणूस यादी बघणार, तुमचं नाव ‘प्रशिक्षित’मध्ये सापडणार आणि फॉर्म फाईलला लागणार. त्यात त्याचाही दोष नाही, कागद तेवढंच सांगतो. तुम्ही काम लिहा, वेळ लिहा आणि परिस्थिती लिहा. असं: ‘रात्रपाळीत एकटी असताना बाळ न रडल्यास एका मिनिटाच्या आत बॅग-मास्कने श्वास सुरू करण्याचा सराव राहिलेला नाही. सरावाची बाहुली केंद्रातच मिळावी आणि दर महिन्याला एकदा प्रशिक्षकांसमोर सराव व्हावा. आयांनाही त्यात घ्यावं.’ यात ‘मला येत नाही’ कुठेच नाही. पण जे खरं आहे ते सगळं आहे. वाचणाऱ्याला नेमकं काय करायचं तेही कळतं.

दुसरं, तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. पाठ चोळत राहणं ही प्रशिक्षणाची उणीव. बॅग कपाटात असणं आणि मास्क मोठा असणं ही मांडणीची आणि सामानाची उणीव. ही दुसरी कितीही प्रशिक्षणं घेऊन भरून निघणार नाही. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क, कमी दिवसांच्याला ० नंबरचा, दोन्ही बॅगेला बांधलेल्या पिशवीत, बॅग वॉर्मरवर आणि दर ड्यूटीला ती हातावर दाबून बघितलेली, इतकं हवं. मास्क नसतील तर ते मागणीपत्रात जातं, प्रशिक्षणाच्या फॉर्मवर नाही. डॉक्टरची जागा रिकामी असणं, १०८ दीड तासाने येणं, तेही तसंच. आमच्या काळात या सगळ्यावर एकच औषध असायचं, ‘सिस्टरला ट्रेनिंगला पाठवा’. सिस्टर जायची, तिकडे उपकेंद्राला कुलूप लागायचं आणि परत आल्यावर कपाटाची किल्ली तिथेच हरवलेली असायची.

आता तुम्ही स्वतः काय करायचं. तालुक्याचं उत्तर यायला वेळ लागेल, तोवर थांबू नका.

पहिला आठवडा फक्त त्या एका मिनिटावर घालवा. बाहुली नसेल तर मोठ्या टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, डोक्याच्या जागी कापडाचा गोळा बांधा. छाती उचललेली त्यात दिसणार नाही, पण हातांचा क्रम बसेल. आयाला मोबाईलवर घड्याळ लावायला सांगा. बाळ आलं, पुसलं, ओलं कापड बाजूला टाकलं. रडत नाही. दोन-तीनदा पाठ चोळली, बस्स. तिथेच थांबायचं, कारण बहुतेकींचा जीव त्या पाठीत अडकतो. टिचक्या मारणं, उलटं धरणं, तोंडावर पाणी शिंपडणं यात जाणारा प्रत्येक सेकंद बाळाच्या मेंदूचा असतो. नाळ कापून वॉर्मरवर, खांद्याखाली घडी, मान ना मागे ना पुढे. तोंडात काही दिसत असेल तर आधी तोंड, मग नाक साफ. मास्क हनुवटी, तोंड आणि नाक झाकेल असा, डोळ्यांवर येणार नाही असा. मग ‘दाब, दोन, तीन, दाब, दोन, तीन’ असं मोठ्याने म्हणत मिनिटाला ४० ते ६० दाब. छाती उचलतेय का हे बघा, बॅगेकडे बघू नका. नाही उचलली तर मास्क पुन्हा बसवा, मान पुन्हा बघा, तोंड साफ करून थोडं उघडं ठेवा आणि मगच जोर वाढवा. मी त्या रात्री नेमकं उलट केलं होतं, आधी जोर.

हे दिवसातून दहा मिनिटं. दोन बाळंतपणांच्या मधे, दुपारचा ओपीडी संपल्यावर, कधीही. आयाला प्रेक्षक करू नका, तिला काम द्या. कापड कोण देणार, घड्याळ कोण बघणार, डॉक्टरांना फोन कोण करणार, हे आधी ठरलेलं असलं की अंधारात निम्मी भीती कमी होते.

बाळाचं झालं की आईकडे वळा, कारण खरं सांगायचं तर ते बाळ रडत नव्हतं तेव्हा त्या पहिलटकरणीकडे कोण बघत होतं? पत्रात ती कुठेच नाही. मी तुम्हाला टोचून बोलत नाही. दोन जिवांत एक सिस्टर असली की असंच होतं. पण वार पडल्यावर गर्भपिशवी घट्ट झाली की नाही हे पोटावर हात ठेवल्याशिवाय कळत नाही, आणि रक्त पांघरुणाखाली गुपचूप जातं. एक सोपा प्रयोग करून बघा. अर्धा लिटर पाण्यात कुंकू कालवा आणि जुन्या लुगड्यावर, पॅडवर, रबरशीटवर थोडं थोडं ओता. अर्धा लिटर म्हणजे पीपीएचची, बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावाची सुरुवात. ते बघून तुम्ही सगळ्या चकित व्हाल, कारण डोळा नेहमी कमी मोजतो. केंद्रातल्या प्रत्येकीला एकदा तरी तो पसारा डोळ्यांनी बघू द्या.

रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनचं मी आपल्या भागासाठी मुद्दाम सांगते. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटात १० युनिट स्नायूत, हे तुम्हाला पाठ आहे. पण ते औषध २ ते ८ अंशांत राहायला हवं. खान्देशातला मे महिना कसा असतो ते मी तुम्हाला काय सांगू, पारा ४५ला टेकतो आणि दुपारी वीज जाते. ट्रेमध्ये सकाळपासून काढून ठेवलेलं अँप्युल नाव ऑक्सिटोसिनचंच सांगेल, पण काम तितकं करेल याची खात्री नाही. बाळंतपण जवळ आलं की मगच फ्रीजमधून काढा. आणि त्याच उन्हाळ्यातली दुसरी गोष्ट: आपल्याला उकडतं म्हणून लेबर रूममध्ये कूलर आणि पंखा पूर्ण वेगात असतो, त्याच्याखाली ओलं बाळ. बाहेर ४५ अंश असताना बाळ गार पडलेलं मी पाहिलंय. बाळ यायच्या वेळी पंखा बंद, खोली २५ अंशांच्या खाली नको. नंतर बाळ आईच्या छातीवर, कोरड्या कापडात आणि तासाभरात अंगावर. हे कुठल्या मॉड्यूलमध्ये ठळक अक्षरात नसतं, पण भुसावळ-चोपड्याच्या सिस्टरला याची गरज आहे.

झटक्यांची बाई, म्हणजे रक्तदाब वाढून झटके येणारी गरोदर किंवा बाळंतीण, हा तिसरा विषय. ती कदाचित दोन वर्षांत एकदा येईल, पण येईल तेव्हा तुम्हाला पान उलटायला वेळ नसेल. झटक्यांवरच्या मॅग्नेशियम सल्फेटचं ५० टक्क्यांचं २ मिलीचं अँप्युल म्हणजे १ ग्रॅम. रेफर करण्याआधी प्रत्येक कुल्ल्यात खोल स्नायूत ५ ग्रॅम, म्हणजे एकूण दहा अँप्युल फोडायची. दहा अँप्युल फोडून दोन सिरिंज भरायला तुम्हाला किती वेळ लागतो, कधी मोजलंय? मुदत संपलेली अँप्युल टाकून देण्याआधी, डॉक्टरांना विचारून, त्यांच्यावर एकदा हात फिरवून घ्या. खऱ्या वेळी आधी लेबलवर टक्के वाचायचे, हेही त्याच सरावात.

चौथी गरज कुठल्याच फॉर्मवर रकाना नसलेली. तुमच्याकडे येणाऱ्या अर्ध्याअधिक बायका पावरी, भिली, तडवी बोलत असतील. कळ आली की ती आईला हाक मारते ती तिच्या बोलीत आणि आपण ओरडतो प्रमाण मराठीत. तिला ‘जोर लाव’ आणि ‘थांब’ यातला फरकच कळत नाही, मग आपण म्हणतो बाई साथ देत नाही. तुमच्या आशाताईंना बसवा आणि वीस वाक्यं देवनागरीत लिहून घ्या: श्वास घे, आता थांब, बाळ ठीक आहे, डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. भिंतीवरच्या तक्त्यांपेक्षा हा कागद जास्त उपयोगी पडेल. ऊसतोडीवरून परतलेली, नववा लागलेली, कार्ड नसलेली बाई तुमच्यासमोर उभी राहील तेव्हा तिच्या सगळ्या तपासण्या तिच्या तोंडूनच काढायच्या असतात. आणि तिचं हिमोग्लोबिन कमी दिसलं तर लोहाची गोळी हातावर ठेवून मोकळं होऊ नका, सिकलसेलची (रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली का ते विचारा. आपल्या सातपुड्याच्या पट्ट्यात तो प्रश्न घराघरात आहे. सिकलची बाई बाळंतपणाला केंद्रात थांबवायची नसते, तिची वाट आधीच जिल्हा रुग्णालयाकडे ठरवायची असते.

आता तुमच्या भीतीबद्दल. फॉर्म देण्याआधी तुमच्या एमओंशी (वैद्यकीय अधिकाऱ्यांशी) बोला. सगळ्यांसमोर नको, दुपारी एकट्याने. ‘सर, त्या रात्रीचं आपण एकदा मिनिटामिनिटाने मांडू या का?’ एवढंच विचारा. तेही त्या रात्री उशिरा पोचले होते, तेही झोपले नसतील. माता मृत्यू अन्वेषणाची सरकारी पद्धतसुद्धा दोषी शोधण्यासाठी नाही, कुठे अडलं ते शोधण्यासाठी आहे. मग वाचलेल्या बाळाची रात्र तशी मांडायला काय हरकत? एमओ समजूतदार निघाले तर फॉर्मवर तुमच्या एकटीचं नाव जाणार नाही, पूर्ण केंद्राची गरज म्हणून जाईल आणि त्याचं वजन वेगळं असेल. नाही निघाले, तर तुमच्या एलएचव्हींना (आरोग्य सहायिकांना) सांगा. त्याही नाही म्हणाल्या तरी दहा मिनिटांचा सराव तुमचा कुणी अडवू शकत नाही.

एक विनंती तालुक्यातल्या साहेबांनाही, हे सदर तेही वाचतात. प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं हे ठरवताना लेबर रजिस्टर उघडून बघा. गेल्या सहा महिन्यांत रात्रीची बाळंतपणं कुणी केली? ती नावं पाठवा. एसबीएची एकवीस दिवसांची मेहनत करून आलेल्या सिस्टरची बदली बाळंतपण होत नसलेल्या ठिकाणी करू नका. ट्रेनिंगहून ती आली की महिन्याभरात कुणीतरी तिच्या लेबर रूममध्ये जाऊन तिच्या शेजारी उभं राहा. तपासायला जाऊ नका, सोबत करायला जा.

आणि सिस्टर, त्या बाळाकडे जा. नऊ दिवस एसएनसीयूत राहिलेलं बाळ आहे. आशाताई घरभेटींना जाईलच, एका भेटीला तुम्ही तिच्याबरोबर जा. अंगावर नीट पितंय का, पिताना थकतंय का, वजन वाढतंय का, हातपाय झटके देतात का, फार ढिलं किंवा फार ताठ वाटतं का, आवाजाकडे वळतं का, बघा. शंका आली तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीला (बाळांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राला) लगेच पाठवा, ‘मोठं झालं की होईल’ यावर सोडू नका. तुम्हाला त्या घरात पाय ठेवायची भीती वाटेल, मला ठाऊक आहे. मी माझ्या त्या बाळाच्या गल्लीतून दोन वर्षं गेले नव्हते. गेले तेव्हा ते अंगणात कोंबडीच्या मागे पळत होतं, आणि त्याच्या आईने मला ओळखून आत चहाला नेलं.

सोमवारपासून घड्याळ लावा. बाळ टेबलावर आल्यापासून पहिला दाब बसेपर्यंत पहिल्या दिवशी किती सेकंद लागले आणि महिन्याने किती, हे दोन आकडे मला लिहून पाठवा. आयाचे वेगळे लिहा.

तुमची,
ताई